केळीच्या खोक्यावर ‘पॅक’चे बारा काळ

संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजी शिकायला येणारी पोरं चोपड्याच्या आसपासची. दिवसा बरीचशी केळीच्या पॅकिंगवर जातात. म्हणून मी ‘गो’ किंवा ‘ईट’पासून सुरुवात करत नाही, ती दोन्ही अडेलतट्टू, भूतकाळात सगळं रूपच बदलून बसतात. ‘पॅक’ सरळ आहे.

आधी वहीत चार रूपं लिहा: पॅक, पॅक्स, पॅक्ड, पॅकिंग. बाकी काम मदतनीस क्रियापदं करतात.

रोजचं सांगायचं तर आय पॅक, वी पॅक, दे पॅक. ही, शी किंवा कुणी एकटा आला की पॅक्स. हा ‘स’ पोरं हमखास खातात. ‘माय ब्रदर पॅक’ दिसलं की वही परत!

भूतकाळ मात्र आपल्यापेक्षा सोपा. आपण ट्रक भरला, गाडी भरली, खोकं भरलं म्हणतो. क्रियापद मालाकडे बघून बदलतं. इंग्रजीत आय पॅक्ड, शी पॅक्ड, दे पॅक्ड, माल कुठलाही असो. म्हणताना ‘पॅक्ट’ म्हणा, ‘पॅकेड’ नको. शेवटी ट किंवा ड असेल तरच ‘इड’ ऐकू येतो: लोडचं लोडिड, पण क्लीनचं क्लीन्ड.

भविष्याला सगळ्यांना विल पॅक.

चालू काम अहिराणी बोलणाऱ्याला पटकन उमगतं. ‘मी भरी ऱ्हायनू’ म्हणजे आय अ‍ॅम पॅकिंग. ही इज, दे आर. काल गाडी आली तेव्हा भरणं चालू होतं, तर वॉज किंवा वेअर पॅकिंग. उद्या या वेळी चालू असेल, तर विल बी पॅकिंग.

काम आटोपलंय, खोकी समोर तयार आहेत: हॅव पॅक्ड, ही-शीला हॅज पॅक्ड. यात ‘यस्टर्डे’ घुसवू नका. काल म्हटलं की साधं पॅक्ड. ट्रक येण्याआधीच उरकलं होतं, तर हॅड पॅक्ड. उद्या पाचपर्यंत उरकलेलं असेल, तर विल हॅव पॅक्ड. सकाळपासून अजून चालूच आहे, तर हॅव बीन पॅकिंग. हॅड बीन पॅकिंग आणि विल हॅव बीन पॅकिंग परीक्षेपुरते पाठ करा, बोलताना क्वचितच लागतात.

प्रश्न आणि नकारात घोळ होतो तो ‘डिड’पाशी. डिड यू पॅक? आय डिड नॉट पॅक. भूतकाळ डिडनेच दाखवला, आता पुढे पॅक्ड नको. तसंच ‘डझ ही पॅक?’ यात ‘स’ डझमध्येच गेला.