गुलमर्गला जायच्या आधी बर्फाचा अंदाज कसा वाचायचा

डिसेंबर लागला की ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, आम्ही गुलमर्गला चाललोय, बर्फ मिळेल ना? आणि सोबत मोबाईलवरच्या वेदर अ‍ॅपचा स्क्रीनशॉट, त्यात ढगाखाली बर्फाचं चांदणीसारखं चिन्ह. त्या चिन्हावर तिकीट काढू नका ही माझी मनापासून विनंती आहे, कारण ते चिन्ह नेमक्या कुठल्या उंचीसाठी आहे हेच अ‍ॅप सांगत नाही आणि गुलमर्गात सगळा खेळ उंचीचा आहे.

म्हणजे बघा, टंगमर्ग साधारण २१५० मीटरवर, तिथून १३ किलोमीटर घाट चढला की गुलमर्ग २६५० वर, गोंडोलाचा म्हणजे तिथल्या केबल कारचा पहिला टप्पा कोंगडोरीला साधारण ३१०० पर्यंत नेतो आणि दुसरा थेट अफरवाट शिखराच्या खांद्यावर, जवळजवळ ३९५० मीटरला. हजार मीटर वर गेलं की हवा सरासरी साडेसहा डिग्रीने थंड होते, म्हणजे खाली हॉटेलपाशी २ डिग्री असेल तेव्हा वर उणे ६ च्या आसपास. म्हणून अंदाज बघताना तळ, मध्य आणि माथा असे तीन वेगळे आकडे देणारी साईट किंवा अ‍ॅप वापरा, आणि त्यात सगळ्यात आधी फ्रीझिंग लेव्हल शोधा, म्हणजे ज्या उंचीवर तापमान शून्य होतं ती उंची. बर्फ पडताना त्याच्याही खाली साधारण दोनतीनशे मीटर बर्फच राहतो, मग वितळून पाऊस होतो. फ्रीझिंग लेव्हल २००० असेल तर टंगमर्गपासूनच सगळं पांढरं. २९०० असेल तर गुलमर्गात काठावरचं प्रकरण, जड ओला बर्फ नाहीतर पाऊस. आणि ३४०० असेल तर हॉटेलच्या खिडकीतून पाऊसच दिसणार पण त्याच वेळी अफरवाटवर मस्त बर्फ साचत असणार, हे खूप जणांना माहितीच नसतं आणि ते हिरमुसून परत फिरतात.

आता मिलिमीटर. अंदाजात पाणी मिमीमध्ये देतात, १ मिमी म्हणजे ढोबळ १ सेंटीमीटर बर्फ असं धरा. वर कडाक्याची थंडी असेल तर तेवढ्याच पाण्याचा दीडपट फुगीर बर्फ होतो, खाली ओला पडला तर कमीच भरतो.

हा बर्फ येतो कुठून तर वेस्टर्न डिस्टर्बन्समधून, भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेल्या सिस्टीम इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून येतात आणि पीर पंजालच्या रांगेला धडकून वर चढतात, आपल्याकडे सह्याद्रीला मान्सूनचे ढग अडतात ना तसंच. येणारी सिस्टीम आठदहा दिवस आधी नकाशावर दिसायला लागते पण तेव्हा फक्त "काहीतरी येतंय" एवढंच समजायचं, सेंटीमीटरच्या आकड्यांवर अजिबात विश्वास ठेवायचा नाही. तीनचार दिवस उरले की हवामानाचा अंदाज काढणारी दोन कॉम्प्युटर मॉडेल, युरोपियन आणि अमेरिकन जीएफएस, दोन्ही उघडून बघा, दोघं एकच तारीख आणि साधारण तेवढाच पाऊसबर्फ दाखवत असतील तर भरवसा ठेवा, एक भरपूर आणि दुसरं कोरडं म्हणत असेल तर थांबा. हवामान खात्याच्या श्रीनगर केंद्राचं बुलेटिनही रोज वाचा.

तारखा कुठल्या निवडायच्या? काश्मिरी लोक २१ डिसेंबरपासूनच्या ४० दिवसांना चिल्लई कलान म्हणतात, थंडीचा सगळ्यात कडक काळ, तेव्हा पडलेला बर्फ टिकतो. पण कडक थंडी म्हणजे बर्फ असं नाही हो, सिस्टीमच आली नाही तर नुसती कोरडी थंडी. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचं मैदान तपकिरी पडलं होतं, बर्फ आला तो महिना संपता संपता. २०२५ मध्ये खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीत बर्फाअभावी पुढे ढकलल्या आणि मार्चमध्ये घेतल्या. म्हणून स्कीइंगसाठीच जाणार असाल तर मी ख्रिसमसपेक्षा जानेवारीअखेर ते फेब्रुवारीअखेर हा काळ सुचवेन, आणि पुढेमागे एखादा दिवस मोकळा ठेवा कारण बर्फ पडला की श्रीनगरची विमानं रद्द होतात आणि टंगमर्गच्या पुढे चाकांना चेन लावलेल्या किंवा फोर बाय फोर गाड्याच सोडतात.

पोचल्यावर बर्फ आहे एवढ्यावर भागत नाही, कसा आहे तेही बघायचं. पहिल्यांदा शिकणाऱ्यांचे उतार खाली गोल्फ कोर्सच्या भागात आहेत, खाली गवत असल्याने दीडदोन फूट दाबलेला बर्फ पुरतो, उलट ताजा मांडीएवढा भुसभुशीत बर्फ असला तर शिकणाऱ्याचे हाल होतात. वर मात्र खडक झाकायला बराच जास्त थर लागतो. मार्चमध्ये सकाळी वरचा थर काचेसारखा कडक, ऊन चढल्यावर तासदोन तास छान मऊ, दुपारी नुसता चिखल, तेव्हा वेळ साधायची.

वाऱ्याचा आकडा माथ्याचा बघा, खालचा नाही. माथ्यावर ताशी ४०-५० किमीच्या वर दाखवत असेल तर दुसरा टप्पा चालू असेल असं गृहीत धरू नका. आणि हाच वारा पश्चिमेकडून बर्फ उचलून धारेच्या अलीकडे, गुलमर्गकडच्या उतारांवर आणून टाकतो, वरून गुळगुळीत दिसणारा पण खाली न चिकटलेला थर तयार होतो, आणि ३० ते ४५ अंशांच्या उतारावर तोच सुटतो. २२ फेब्रुवारी २०२४ ला खिलनमर्गजवळ हिमस्खलनात एका रशियन स्कीअरचा जीव गेला. मोठ्या बर्फानंतर लख्ख निळं आभाळ उघडतं तो दिवस सगळ्यांना बोलावतो आणि बऱ्याचदा तोच सगळ्यात धोक्याचा असतो, हे कृपा करून लक्षात ठेवा. डीजीआरई ही डीआरडीओची संस्था हिमस्खलनाचा इशारा जिल्ह्यानुसार देते, गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात येतं, पण तो इशारा तुमच्या पायाखालच्या उताराचा नसतो, त्यामुळे गुलमर्गच्या स्की पेट्रोलने, म्हणजे उतारांच्या सुरक्षेवर लक्ष ठेवणाऱ्या पथकाने, काय उघडलंय, काय बंद ठेवलंय हे रोज सकाळी विचारा. पेट्रोलच्या हद्दीबाहेर दोरी ओलांडून फक्त फोटोसाठी सुद्धा जाऊ नका. चालताना पायाखाली "व्हुम्म" असा दबका आवाज आला किंवा बर्फाला लांब तडा गेला तर तिथूनच, आल्या वाटेने मागे फिरा.

आदल्या रात्री मी चारच गोष्टी वहीत लिहून ठेवते, फ्रीझिंग लेव्हल, माथ्याचा वारा, गेल्या चोवीस तासात किती पडला आणि डीजीआरईचा इशारा. सकाळी स्कीचे बूट चढवायच्या आधी इन्स्ट्रक्टरला फोन करून गोंडोलाचा कुठला टप्पा चालू आहे ते विचारते, मगच तिकिटाच्या रांगेत लागते.