एमजीबीचं बॉनेट जुळवताना या चुका टाळा

जुन्या स्पोर्ट्‌स कारचं बॉनेट नीट बसेना झालं की पहिला हात जातो तो पुढच्या लॉककडे. लॉकच्या भोकात शिरणारी बॉनेटची पिन वर-खाली करायची, दोन-तीनदा आपटून बघायचं, आणि तरीही नाही जमलं तर पत्रा मिस्त्रीकडून कोपरा दाबून घ्यायचा. चांगल्या गाडीचं नुकसान होतं ते इथेच. बॉनेट हा सगळ्यात शेवटी जुळवायचा पत्रा आहे. त्याची फट वाकडी दिसते तेव्हा दोष पुष्कळदा फेंडरमध्ये, म्हणजे चाकावरच्या पत्र्यात असतो, नाहीतर त्याच्याही मागे, दरवाजाखालच्या आडव्या पट्टीत, म्हणजे सिलमध्ये.

हे मुख्यतः १९६२ ते १९८० या काळात बनलेल्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारबद्दल आहे. तिचं बॉनेट काचेकडच्या बाजूला बिजागऱ्यांवर असतं आणि पुढे मधोमध लॉक होतं. अशा मांडणीच्या इतर जुन्या गाड्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

आधी दरवाजा बघा

गाडी सपाट जमिनीवर, चारही चाकांवर उभी हवी. साताऱ्यात गल्ल्या उताराच्या, त्यामुळे तशी जागा शोधावीच लागते, पण तिच्याशिवाय पाना हातात घेऊ नका. एमजीबीला वेगळी चासी नाही. त्यातून उघड्या रोडस्टरला छताचाही आधार नाही, म्हणून सिल हाच तिचा कणा. मधोमध जॅक लावून फटी मोजल्या तर त्या मापांना काही अर्थ नाही.

दरवाजाची फट वरच्या बाजूला आवळलेली आणि खाली मोकळी दिसली तर बॉडी मध्यातून लवलेली असण्याची शक्यता मोठी. महाबळेश्वर, कास, बामणोली या पट्ट्यातल्या पावसात राहिलेल्या गाडीत सिल आतून कुजलेली निघणं नवल नाही. तसं असेल तर बॉनेटचं काम तिथेच थांबवा. आधी सिल, मग दरवाजा, मग फेंडर आणि त्यानंतर बॉनेट. एमजीबीचे पुढचे फेंडर बोल्टावर आहेत, ते थोडे सरकवता येतात. फेंडर न हलवता नुसतं बॉनेट ओढत बसलं तर एका बाजूची फट दुसऱ्या बाजूला जाते, एवढंच होतं.

लॉक काढून ठेवा

पुढची पिन आणि कडेचे रबर काढूनच सुरुवात करा. नवं रबर बऱ्याचदा जास्त कडक असतं, ते बॉनेट उचलून धरतं आणि आपण बिजागरी खाली-वर करत बसतो. काचेखालच्या पत्र्याच्या कडेला आणि फेंडरच्या मागच्या कोपऱ्यांना मास्किंग टेपचे दोन-तीन थर लावा. बॉनेट सरकलं तर पहिला रंग जातो तो या कोपऱ्यांचाच. दोन माणसं हवीतच.

बिजागरीचे बोल्ट एवढेच ढिले करा की बॉनेट हाताने ढकललं तर सरकेल, पण आपणहून घसरणार नाही. साधारणपणे बॉनेटकडचे बोल्ट पुढे-मागे करायला आणि बॉडीकडचे वर-खाली करायला. आधी मागची कड जुळवा, मग डावी-उजवी बाजू. चारही बाजूंना ४-५ मिमीची सारखी फट आली तर उत्तम. एका ठिकाणी ३ आणि दुसरीकडे ६ असण्यापेक्षा सगळीकडे ५ केव्हाही बरी.

मागचा एकच कोपरा सारखा वर राहत असेल तर बिजागरी जाम आहे का ते तपासा. जाम बिजागरीवर बॉनेट पुढून जोर लावून उचललं की पत्रा बिजागरीजवळ दुमडतो. ती घडी पडली की कितीही बोल्ट फिरवा, कोपरा बसत नाही. आदल्या रात्री बिजागरीत तेल सोडा, सकाळी हाताने सहज फिरते का बघा, मगच पुढचं काम.

आट्यांशी झटापट नको

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक ही. या गाडीचे बोल्ट इंचाचे, यूएनएफ म्हणजे इंची मापाच्या बारीक आट्यांचे. आपल्या बाजारात सहज मिळतो तो मेट्रिक बोल्ट. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी, त्यामुळे ८ मिमीचा बोल्ट पहिले एक-दोन फेरे जातो आणि बसला असं वाटतं. पण यूएनएफला इंचाला २४ आटे, तर नेहमीच्या ८ मिमीच्या बोल्टला २० च्या आसपास. पान्याने जोर लावला की आतल्या नटाचे आटे गेलेच. तो नट पत्र्याच्या आत अडकवलेला असेल तर हात पोचत नाही, पत्रा कापायची वेळ येते. पान्याचंही तसंच. ५/१६ च्या डोक्याला अर्ध्या इंचाचा पाना लागतो, म्हणजे १२.७ मिमी. १३ चा पाना बसतो, पण ढिला, आणि गंजलेल्या बोल्टाच्या कडा गोल करून टाकतो. योग्य बोल्ट मिळेना तर एमआयडीसीतल्या लेथवाल्याला जुना नमुना देऊन करून घ्या.

लांबीही मोजून घ्या. बोल्ट चार-पाच मिमी जास्त लांब असला तर आवळताना बॉनेटच्या वरच्या पत्र्याला आतून टेकतो आणि रंगाखाली पुटकुळीसारखा उंचवटा येतो. तो पुन्हा साफ बसवणं फार अवघड.

सुरुवातीच्या एमजीबींचं बॉनेट अॅल्युमिनियमचं होतं. चुंबक लावून बघा. चिकटला नाही तर हातोडी बाजूला ठेवा, कारण अॅल्युमिनियम ठोकलं की ताणलं जातं. त्यात लोखंडी बोल्ट ओलाव्याने धरून बसतात, म्हणून ग्रीस लावूनच घाला आणि खाली रुंद वॉशर द्या.

आता पिन

पिनच्या टोकाला तेलात कालवलेलं कुंकू लावा आणि बॉनेट हळूच टेकवा. डाग भोकाच्या मधोमध पडला पाहिजे. कडेला पडला तर लॉक सरकवा, पिन वाकवू नका. मग पिन जागेवर धरून ठेवणारा चेकनट ढिला करून पिन अर्धा-अर्धा फेरा फिरवत लांबी ठरवा. बंद झाल्यावर खडखड नको, पण बंद करायला आपटावंही लागू नये. आपटून-आपटून लॉकची आडवी पट्टी खाली बसते आणि सगळं माप पुन्हा बदलतं.

पहिल्यांदा पूर्ण बंद करण्याआधी एकाला गाडीच्या आतून लॉक सोडवणारी केबल ओढायला सांगा आणि लॉकची पट्टी पूर्ण सरकते का ते डोळ्यांनी बघा. बॉनेट बंद असताना केबल तुटली तर ते उघडायला अर्धा दिवस जातो. लॉकला दुसरी बारीक तार बांधून तिचं टोक खाली, हाताला लागेल पण दिसणार नाही असं सोडून ठेवा.

लॉक सुटलं तरी बॉनेट अडवून धरणारा सेफ्टी हुक कुणी वाकवून निकामी केला असेल तर गाडी हायवेला काढू नका. हे बॉनेट वाऱ्याच्या तोंडाला उघडतं. लॉक सुटलं तर ते थेट काचेवर येतं, आणि खंबाटकीच्या उतारावर असं झालं तर समोरचा रस्ताच दिसणार नाही.

ट्रायम्फ स्पिटफायर किंवा मद्रासला बनलेली आपली स्टँडर्ड हेराल्ड असेल तर हिशोब उलटा. बिजागऱ्या पुढे, फेंडरसकट सगळं नाक पुढे झुकतं आणि कडेच्या दोन कॅचवर, म्हणजे खटक्यांवर बसतं. तिथे एक कॅच घट्ट आणि दुसरा सैल ठेवला की एवढा मोठा पत्रा पिळतो आणि जोडांना तडे जातात. दोन्हीकडचा ताण सारखा ठेवा.

रंगाच्या आधी एकदा सगळं जुळवून घ्या, कारण रंगाचे थर फट खातात. पहिली फेरी कोरेगाव रस्त्यावर सावकाश मारा, परत आल्यावर बिजागरीचे बोल्ट आणि चेकनट पुन्हा तपासा, आणि १०० किलोमीटरनंतर आणखी एकदा.