रेवदंड्याचा कोट: तिथी पाहून छायाचित्रण

अलिबागच्या दक्षिणेस, कुंडलिका नदी समुद्राला मिळते तेथे, रेवदंड्याचा किल्ला आहे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात उभारलेला हा कोट १७४० मध्ये मराठ्यांकडे आला. आज त्याच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आणि घरे आहेत, तर समुद्राकडचा तट थेट पुळणीला भिडतो. झाडे, किनारा आणि जुने बांधकाम अशा तिन्ही गोष्टी येथे थोड्याच चालण्यात मिळत असल्या, तरी प्रत्येकीला लागणारा प्रकाश वेगळा असतो. म्हणून जाण्याचा दिवस आधी ठरवावा, कॅमेऱ्याचा विचार नंतर करावा.

दिवस ठरवण्यासाठी कोकणातला जुना हिशेब अजूनही उपयोगी पडतो. तिथीच्या अंकाला तीनने गुणून चारने भागले की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास येते आणि त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी लागते. यात अर्धा-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, त्यामुळे नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून पडताळून घ्यावी. या हिशेबातून छायाचित्रकाराच्या कामाची एक गोष्ट निघते. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आगेमागे येत असल्याने ओहोटी सूर्यास्ताच्या जवळपास पडते, आणि ते दिवस उधाणाचे असल्याने पाणी खूप आत जाते. ओली, काळसर वाळू तेव्हा आरशासारखी चमकते व तटाचे प्रतिबिंब तीत उतरते. अष्टमीच्या सुमारास मात्र संध्याकाळी पाणी चढलेले असते आणि पुळणीवर मागे सरकून पूर्ण तट टिपायला जागा कमी उरते.

किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे तटाची समुद्राकडची बाजू सकाळी सावलीत राहते आणि दुपारी चारनंतर उजळते. तिरप्या उन्हात दगडांचे सांधे, चुन्याचे उरलेले लेप आणि भेगांतून उतरलेली वड-पिंपळाची मुळे स्पष्ट दिसतात. काळा दगड चौकट भरून असेल, तर कॅमेरा त्याला करडा समजून चित्र अनावश्यक उजळ करतो. अशा वेळी एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश, अर्धा ते एक स्टॉप कमी करावे (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). मोबाइलवर दगडाला स्पर्श करून उजेडाची पट्टी थोडी खाली ओढली तरी काम होते. सातखणी बुरुजाचे सर्व मजले आता उरलेले नसले तरी तो उंच आहे. त्याच्या पायथ्याशी उभे राहून कॅमेरा वर वळवला, तर तो मागे कलंडल्यासारखा दिसतो. शक्य तितके लांब जाऊन, कॅमेरा सरळ धरून, खालचा नको असलेला भाग नंतर कापणे बरे.

वाड्यांमध्ये कडक ऊन हा शत्रू समजावा, कारण झावळ्यांखाली पांढरे ठिपके आणि काळ्या सावल्या यांखेरीज काही हाती लागत नाही. ढगाळ सकाळ किंवा पावसाची उघडीप उत्तम. पोलरायझर (लेन्सवर बसवायचा, चकाकी कापणारा फिल्टर) फिरवला की ओल्या पानांवरची चकाकी जाऊन खरा हिरवा रंग येतो. किनाऱ्यालगत वारा असतोच, तेव्हा झावळ्या स्थिर हव्या असतील तर शटर १/२५० सेकंदापेक्षा जास्त वेळ उघडे राहू देऊ नये. या वाड्या खासगी आहेत, म्हणून आत शिरण्यापूर्वी मालकाला विचारावे. नारळाखाली ट्रायपॉड लावून वर पाहत बसण्याचा मोह मात्र टाळावा. नारळ कोणाला विचारून पडत नाही.

परतणाऱ्या लाटेच्या रेषा हव्या असतील, तर ट्रायपॉडवर अर्धा ते एक सेकंद शटर ठेवून पाणी मागे सरू लागताच बटण दाबावे. याहून अधिक वेळ दिल्यास पाण्याचे नुसते धुके होते, जे मला तरी येथे शोभत नाही. खाडीपलीकडचा कोर्लईचा डोंगर चौकटीच्या कडेला घेतला की मोकळ्या क्षितिजाला आधार मिळतो. जुन्या वास्तूत ट्रायपॉड किंवा ड्रोन वापरायचा असल्यास पुरातत्त्व खात्याच्या परवानगीची चौकशी आधी करावी. ओहोटी संपून पाणी वळले की खाडीच्या मुखाकडे थांबू नये.

पुळणीवर लेन्स बदलू नये. काचेवर खारट तुषार उडाल्यास कोरड्या फडक्याने घासण्याऐवजी आधी ओलसर मऊ कापडाने टिपून घ्यावे, आणि घरी पोहोचताच ट्रायपॉडचे पाय उघडून गोड्या पाण्याने धुवावेत.