डुक्कर पाळताय? निदान या चुका तरी करू नका

डुकराचं पिल्लू आजारी पडलं की मला येणारा फोन एकाच सुरात असतो: "कुठलं इंजेक्शन देऊ?" मी उलट विचारतो, रात्री जमीन ओली होती का? पाणी कधी पाजलंत? पलीकडे शांतता.

मागच्या डिसेंबरात वाडीतल्या एका पोराची डुकरीण पहिल्यांदा व्याली. नऊ पिल्लं. पोरगा टापटिपीचा. त्यानं एकेक पिल्लू बादलीत धुतलं, "घाण होती काका". सकाळी साडेपाचला दारात हजर: "काका, रोग इलो! पाचच उरली." जाऊन पाहिलं तर रोगबिग काही नाही. दोन पिल्लं गारठून कडक झालेली आणि दोन ऊब शोधत आईच्या कुशीत शिरून तिच्याच अंगाखाली चिरडलेली. उरलेल्या पाचांपैकी एक हातात घेतलं, तर पोट बर्फासारखं.

जन्मलेलं पिल्लू जेमतेम सव्वा किलोचं असतं, अंगावर चरबी नाही. त्याला ३० ते ३४ अंश सेल्सिअस ऊब लागते आणि आईला तेवढ्या उष्णतेत धाप लागते. म्हणून कोपऱ्यात वेगळी जागा करायची, आईला आत शिरता येणार नाही असा आडवा बांबू लावायचा आणि वर दिवा टांगायचा. मी थर्मामीटर लावत नाही, पिल्लांकडे बघतो. एकमेकांवर चढून ढीग केला असेल तर थंडी वाजतेय, दिव्यापासून लांब पांगली असतील तर उकडतंय, शेजारी शेजारी पसरून झोपली असतील तर आपणही झोपायला जावं. धुणं तर नाहीच. जुन्या लुगड्यानं खसाखसा पुसायचं आणि थेट सडाला लावायचं.

कारण दुसरी घाई तिथेच असते. चीक, म्हणजे व्याल्यावरचं पहिलं दूध. डुकरिणीच्या पोटात असताना पिल्लाला तिची रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही, ती सगळी चिकातून येते. पहिल्या सहा तासांतला चीक सोन्याचा, चोवीस तासांनंतर आतडं ती शक्ती शोषून घेणं थांबवतं. पिल्लं जास्त असली की धटिंगण पुढचे सड बळकावतात. त्यांना तासभर टोपलीत कोंडतो आणि मरतुकड्यांना पाजून घेतो. गारठलेल्या पिल्लाच्या तोंडात मात्र लगेच दूध ओतू नका. आधी शेकून ऊब द्या, मग ग्लुकोजचं पाणी बोटानं हिरडीला लावा. त्या पोरानं गाईचं थंड दूध चमच्यानं घशात सोडलं होतं. पाचातलं आणखी एक गेलं ते तसंच.

सिमेंटच्या जमिनीवरची पिल्लं आठवडाभरात पांढरीफटक पडतात, कारण डुकरिणीच्या दुधात लोह फार कमी. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडून लोहाचं इंजेक्शन. यात मतभेद नको.

आता पाणी. डुकराला आपल्यासारखा घाम येत नाही, म्हणून ते चिखलात लोळतं. आणि डुक्कर पाण्याचं भांडं उलटवणारच, मग अख्खी दुपार कोरडी जाते. वर हॉटेलचं उष्टं: लोणचं, पापड, खारट रस्सा. पाण्याविना मीठ डोक्यात चढतं. जनावर भिंतीला डोकं लावून उभं राहतं, गोल फिरतं, झटके येतात. लोक भूतबाधा म्हणतात. त्याहून वाईट म्हणजे घाबरून एकदम बादलीभर पाणी पाजतात. त्यानं मेंदूला सूज येऊन दगावतं. पाणी घोटघोट, दिवसभरात थोडं थोडं, आणि डॉक्टरांना फोन. मी दगडी डोण वापरतो. उलटवून दाखवावी.

उष्टं फुकट मिळतं हा मोह मला कळतो. पण आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा जीवघेणा साथरोग २०२० मध्ये भारतात आला, त्यावर औषध नाही आणि मांसाच्या उष्ट्यातूनही तो पसरतो. द्यायचंच तर अर्धा तास खळखळून उकळा. पटापट जनावरं मरू लागली तर उरलेली गुपचूप विकू नका, मेलेली ओढ्यात टाकू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

शहरातल्या हौशी मंडळींसाठी: "टीकप पिग", म्हणजे जन्मभर इवलंसंच राहणारं डुक्कर, असं काही नसतं. विकणारा आई-बाप दाखवतो, पण ते स्वतःच वाढीला लागलेली पोरं असतात. पॉटबेलीसारखी छोटी म्हणवणारी जातही तीनेक वर्षं वाढत राहते आणि सहज ५० किलोच्या पुढे जाते. लहान राहावं म्हणून उपाशी ठेवणाऱ्यांशी मी बोलत नाही. फ्लॅटमध्ये एकटं ठेवणाऱ्यांशीही फारसं नाही, त्याला जोडीदार लागतो. आणि तीन आठवड्यांचं पिल्लू बाटलीवर वाढवायची हौस तर नकोच. मी आठ आठवड्यांआधी कुणाला देत नाही, कितीही पैसे दाखवले तरी.

कान किंवा मागचा पाय धरून उचलू नका. छातीखाली एक हात, ढुंगणाखाली दुसरा. तरी किंचाळेल, तो त्याचा स्वभाव.

आणि डुकराचं नेहमीचंच तापमान १०२ फॅरनहाइटच्या आसपास असतं. आपल्या हिशेबानं ताप समजून घरातली गोळी कुटून घालू नका.