म्हाताऱ्या ड्वार्फ हॅमस्टरची तयारी: आधी काटा, मग बाकी सगळं

ड्वार्फ हॅमस्टर दीड वर्षाचा झाला की तो म्हातारा, असं धरून तयारीला लागा. त्याच्या जातींपैकी विंटर व्हाइट आणि कॅम्पबेल साधारण दीड-दोन वर्षं जगतात, रोबोरोव्हस्की (रोबो) त्याहून जास्त, कधी तीन वर्षांपर्यंत. दुकानातून आणलेल्याचं नेमकं वय बहुधा कळत नाही. पाठ वाकली, फर विरळ झाली, चाकावरचा वेळ कमी होऊन झोप वाढली, एवढं दिसलं तरी पुरे.

सगळ्यात आधी वजनकाटा आणा. खाऊच्या, औषधाच्या, नव्या पिंजऱ्याच्याही आधी. डिजिटल हवा आणि निदान 1 ग्रॅमचा फरक दाखवणारा हवा. दागिने तोलायचे खिशात मावणारे काटे 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवतात, ते सर्वांत बरे. विंटर व्हाइट किंवा कॅम्पबेलचं वजन 30 ते 50 ग्रॅम, रोबोचं 20 ते 25. चाळीस ग्रॅमच्या जिवाचे चार ग्रॅम गेले म्हणजे अंगाचा दहावा हिस्सा गेला, आणि तो डोळ्यांना दिसत नाही, कारण आजारी हॅमस्टर फर फुगवून गोल होऊन बसतो. लोक म्हणतात, ‘वाटी तर रोज रिकामी होते!’ होईलच. दाणे गालाच्या पिशव्यांत भरून बेडिंगखाली (पिंजऱ्यात अंथरलेल्या थराखाली) पुरले जातात. दात दुखत असले तरी भरणं थांबत नाही, साठा वाढतो आणि खाणारा वाळत जातो. रिकामी वाटी हा खाल्ल्याचा पुरावा नाही. काट्यावरचा आकडा तेवढा पुरावा.

वजन संध्याकाळी, तो जागा झाल्यावर आणि खाणं द्यायच्या आधी करा. भरलेल्या गालांमुळे दोनेक ग्रॅम फुकट वाढलेले दिसतात. डबा काट्यावर ठेवून शून्य करायचं, मग त्याला आत सोडायचं. दीड वर्षापर्यंत आठवड्याला एकदा, पुढे दोनदा, आजारी असेल तर रोज. आकडा तारखेसह वहीत लिहा. लक्षात राहील म्हणाल तर राहत नाही. काट्याचे जादा सेलही आत्ताच घेऊन ठेवा. दहा टक्के घट दिसली की त्याच दिवशी डॉक्टर. अजून आठवडाभर बघू, असं इथे चालत नाही, त्याच्या आयुष्यात आठवडा फार मोठा असतो.

खाण्याचं बोलू. रोजचं सुकं मिश्रण एक चहाचा चमचा: ज्वारी, बाजरी, राळे, राजगिरा, ओट्स, थोडं जवस, सोबत चांगल्या पेलेट्स (दाबून बनवलेल्या खाद्याच्या गोळ्या). रंगीत तुकड्यांची आणि निम्म्या सूर्यफुलाच्या बियांची पाकिटं नकोत. म्हातारपणी स्नायू झडतात, म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा वाटाण्याएवढं उकडलेलं अंडं किंवा बिनमिठाचं शिजवलेलं चिकन द्या. काकडी, ब्रोकोली, कोथिंबीर नखाएवढी. फळं, गूळ, मध, मका, गाजर यांपासून कॅम्पबेल आणि संकरित ड्वार्फना दूरच ठेवा, त्यांना मधुमेह पटकन जडतो. बाजारात मिळणारे बरेचसे संकरितच असतात. एकाएकी पाणी जास्त प्यायला लागला, कोपरे ओलेचिंब दिसले, खाऊनही वजन उतरतंय (बघा, पुन्हा काटाच), तर लघवीतली साखर तपासायची पट्टी औषधांच्या दुकानातून आणा आणि स्वच्छ प्लास्टिकवर पडलेल्या ताज्या थेंबावर लावा. कांदा, लसूण, लिंबूवर्गी फळं, चॉकलेट, कच्चा बटाटा, फरसाण अजिबात नाही.

दात कमजोर झाले की दाणे दळून द्या. पेलेट्स कोमट पाण्यात भिजवून दह्याइतपत मऊ करायच्या, बाटलीच्या झाकणात अर्धा चमचा ठेवायच्या आणि दोन तासांत उचलायच्या. उन्हाळ्यात त्या आंबतात. शिवाय मुंग्या येतात, म्हणून पिंजऱ्याचे पाय किंवा टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. मुंग्यांचा खडू किंवा फवारा पिंजऱ्याजवळ नको, ते विष आहे. हनुवटी ओली राहणं, कडक दाणा उचलून टाकून देणं ही दाताची लक्षणं. खालचे पुढचे दात वरच्यांपेक्षा लांब आणि पिवळसर असतात, त्याला घाबरू नका. वाकडे वाढले तर कापायचं काम डॉक्टरांचं. नेलकटरने दात उभा चिरतो.

बिनसुईची 1 मिलीची सिरिंज दोन-चार आणून ठेवा. भरवायचं ते ओठाच्या कडेला थेंब ठेवून, त्याने चाटायचं. तोंडात दाबून पिचकारी मारली तर ते फुप्फुसात जातं.

पिंजरा बदलू नका, आहे तोच सपाट करा. वरचे मजले आणि शिड्या काढा, पाण्याची बाटली खाली आणा, शिवाय एक उथळ वाटी ठेवा. मोतीबिंदू झालेल्याला फारसा फरक पडत नाही, तो वासावर चालतो. म्हणूनच सगळं बेडिंग एकदम फेकू नका, ओला तिसरा भाग काढायचा आणि जुनं थोडं राहू द्यायचं. बेडिंग कागदाचं. कापसासारखं मऊ विकतात ते पायांत गुंडाळतं आणि पोटात गेलं तर अडकतं, नको म्हणजे नको. चाक काढू नका, भरीव पृष्ठभागाचं, निदान 20 सेंटिमीटर व्यासाचं ठेवा. वाळूच्या आंघोळीला धुतलेली, चाळलेली, तव्यावर भाजून गार केलेली वाळू चालते, पावडर नाही. दोघं एकत्र असतील तर दुबळा खाण्यापासून हाकलला जातो. दोघांचं वजन वेगवेगळं केल्याशिवाय हे कळतच नाही.

तापमान 20 ते 24 अंश. तीस ओलांडलं की धोका. विदर्भातल्या मे महिन्यात, त्यात वीज गेली तर, तो तासाभरात गळून पडू शकतो. फ्रिजरमध्ये पाण्याच्या दोन बाटल्या कायम गोठवलेल्या ठेवा, फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याला बाहेरून टेकवायच्या. आत शहाबादी फरशीचा तुकडा ठेवला तर तो स्वतःच त्यावर पसरतो. कूलरचा झोत थेट नको. थंडीत, विशेषतः नाशिक-नागपूरकडच्या रात्री, विंटर व्हाइट गार पडून निपचित होऊ शकतो आणि श्वास इतका सावकाश चालतो की मेला असं वाटतं. पुरण्याची घाई करू नका. हाताच्या उबेत हळूहळू तापवा, अर्धा-एक तास द्या. पावसाळ्यात धान्याला बुरशी लागते, ते हवाबंद बरणीत, फ्रिजमध्ये. दिवाळीत पिंजरा आतल्या खोलीत.

डॉक्टर आत्ताच शोधा, लहान प्राणी बघणारा. कुत्र्या-मांजरांच्या सगळ्या दवाखान्यांत हॅमस्टर बघतातच असं नाही, आणि आणीबाणीत फोन फिरवत बसायला वेळ नसतो. पहिल्याच भेटीत विचारून घ्या: पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन हॅमस्टरला तोंडावाटे चालत नाहीत, आतड्यातले चांगले जंतू मरून तो दगावतो. घरातलं पॅरासिटामॉल मुळीच नको. नराच्या पोटाच्या मध्यावरचा पिवळसर खवला ही त्याची गंधग्रंथी असते, जखम समजून खरडू नका, मात्र ती वाढली किंवा तिथून रक्त आलं तर दाखवा. मादीच्या मागून रक्त किंवा पू दिसला तर त्याच रात्री न्या, गर्भाशयात पू झालेला असू शकतो. न्यायचं ते छोट्या डब्यात, जुन्या बेडिंगवर, काकडीच्या फोडीसह (बाटली वाटेत गळते), आणि वजनाची वही घेऊन. वही नसेल तर डॉक्टर अंदाजाने औषधाचा डोस देणार, आणि चाळीस ग्रॅममध्ये अंदाजाला जागा नाही.

शेवटी खाणं थांबलं, श्वास जोरात चालू लागला, उठता येईना, तर डॉक्टरांना शांत मरण देणाऱ्या इंजेक्शनबद्दल स्पष्ट विचारा. त्याच्या वेदना लांबवू नका. नंतर पिंजरा गरम पाणी आणि व्हिनेगरने धुऊन कडक उन्हात वाळवा. लाकडी वस्तू मात्र टाकून द्या.