मुरगळलेला घोटा पुन्हा ताळ्यावर कसा आणावा

सूज उतरली म्हणजे घोटा बरा झाला, असं समजून मी दोनदा फसलो. तिसऱ्यांदा पाय मुरगळला तो आमच्या सोलापुरात सिद्धेश्वर तलावाकाठी, चांगल्या सपाट वाटेवर. तेल चोळून किंवा पट्टा बांधून हे थांबत नाही. पाय किती वळलाय हे स्नायू, कंडरा आणि सांधे न बघताच मेंदूला कळवत असतात. शेरिंग्टन या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९०६ साली या जाणिवेला प्रोप्रिओसेप्शन म्हटलं. मुरगळताना ही खबर पोचवणारी यंत्रणाच दुखावते.

चार पावलंही टाकता येत नसतील तर आधी एक्स-रे काढा, मग पुढचं वाचा.

पहिल्यांदा दात घासताना मुरगळलेल्या एका पायावर उभं राहा, डोळे उघडे. सलग ३० सेकंद जमले की पुढे.

आता डोळे मिटून. खरी गोम इथे आहे. मी पहिल्या दिवशी चार सेकंदांत कोलमडलो. खोलीच्या कोपऱ्याकडे पाठ करून, अनवाणी, गुडघा किंचित सैल सोडून उभं राहा. "भिंतीला नुसतं बोट लावून ठेव," हा सल्ला मला मिळाला आणि महिना फुकट गेला. बोटाच्या टोकाचा हलका स्पर्शही मेंदूला तोलाची खबर देतो. मग घोट्याला काम उरतंच कुठे? हात भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. पडायला लागलात तरच टेका.

पायाची बोटं फरशीत रोवू नका. वजन टाचेवर, अंगठ्याच्या आणि करंगळीच्या उंचवट्यांवर वाटून द्या. घोटा थरथरेल, थरथरू दे. डोळे उघडे असताना बाहेरच्या हाडामागे बोट ठेवून बघा, कंडरा ताणतोय-सैलावतोय हे हाताला लागतं. तो ते आपणहून करतो, तुम्ही मध्ये पडू नका. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच, जड काठी पेलणारा काय दर पावलाला खाली वाकून बघतो?

दिवसाला पाच वेळा पुरे. दमल्यावर ही जाणीव बोथट होते, तेव्हा खेळून आल्यावर नकोच. चक्कर येत असेल किंवा साखरेमुळे तळवे बधिर असतील, तर डोळे मिटून एकट्याने मुळीच नको.

शेवटी हेच सगळं सोलापुरी चादरीच्या जाड घडीवर, खाली रबरी मॅट टाकून. चादर जुनीच घ्या. मी नवी पायाखाली घेतली म्हणून आई अजून बोलते.