परदेशी पासपोर्ट, मूळ बेळगावचं: भारतीय नागरिकत्वासाठी वास्तव्य कसं मोजतात

आई-वडील खानापूर-निपाणीकडचे, जन्म परदेशातला, आणि आता बेळगावातच कायमचं राहायचं आहे. अशांनी अर्ज भरायला बसण्याआधी कलम ठरवावं. नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ५ मध्ये वाटा अनेक आहेत आणि प्रत्येकीची मुदत वेगळी.

तुम्ही स्वतः किंवा आई-वडिलांपैकी कुणी पूर्वी स्वतंत्र भारताचे नागरिक असाल, तर ५(१)(एफ). अर्जाच्या लगेच आधीचे बारा महिने भारतात राहिलेलं असावं लागतं. नातं आजी-आजोबांपर्यंतच पोचत असेल, तर आधी ओसीआय कार्ड (भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) काढा. कार्डाला पाच वर्षं झाली की ५(१)(जी) खुलं होतं. ती पाच वर्षं परदेशात गेली तरी चालतात, बारा महिने मात्र इथेच काढावे लागतात. ५(१)(ए) ही सात वर्षं भारतात राहण्याची वाट आहे. ज्यांचे वडील १९५० च्या आधीच आफ्रिकेत जाऊन ब्रिटिश पासपोर्टवर राहिले, त्यांच्या ती कामाची. बाकीच्यांनी तिच्या नादी लागू नये.

बारा महिने सलग हवेत. खास कारण असेल तर केंद्र सरकार एकूण तीस दिवसांपर्यंत सूट देऊ शकतं, तुकड्यातुकड्यांनी असली तरी. पण ती मिळेलच असं धरून लग्नकार्याला परदेशी जाऊ नका. मोजणी पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून होते, तेव्हा जुना पासपोर्टही जपून ठेवा. व्हिसावर राहत असाल तर मुदत एक दिवसही ओलांडू नका: मुदत संपल्यावर राहिलेला माणूस कायद्याने बेकायदा स्थलांतरित ठरतो, आणि त्याला कलम ५ चं दारच बंद. १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्यांनी चौदा दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणीही करायची. ओसीआयवाल्यांना ती लागत नाही.

सीमाभागात घोळ होतो तो पत्त्यावरून. अर्ज ऑनलाइन भरला तरी तो तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. घर बेळगावात आणि मुक्काम शिनोळीत असेल, तर शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे कोल्हापूर जिल्हा, महाराष्ट्र सरकार. चौकशीला पोलीस येतात तेव्हा तुम्ही त्या पत्त्यावर सापडायला हवं. म्हणून एकच पत्ता धरा आणि नोंदणीकृत भाडेकरार, हेस्कॉमचं वीजबिल, बँक पासबुक सगळ्यावर तोच ठेवा. बारा महिन्यांत १८२ दिवस राहणं झालं की आधार काढता येतं. मतदार यादीत मात्र नाव घालू नका, कुणी ‘करून देतो’ म्हणालं तरी. परदेशी नागरिकाने मतदार होणं गुन्हा आहे, आणि छाननीत ते अर्जाच्या मुळावर येतं.

दुसरा घोळ नावांचा. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे वडिलांचा शाळेचा दाखला मराठीत, जन्मदाखला नंतर काढलेला असेल तर कन्नडमध्ये, आणि पासपोर्टवर तिसरंच स्पेलिंग. शिवाय २०१४ पासून शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं. दाखल्यांचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्या आणि नावांतले फरक एकाच प्रतिज्ञापत्रात मांडा. वडिलांचा जुना भारतीय पासपोर्ट सापडला तर निम्मं काम झालं. एफ वाटेला त्याच्याइतका भक्कम पुरावा नाही.

भाषेची परीक्षा कलम ५ खालच्या नागरिकत्व-नोंदणीला नाही, ती नैसर्गिकीकरणाला, म्हणजे नागरिकत्व मिळवण्याच्या दुसऱ्या वाटेला, असते. कन्नड येत नाही म्हणून कुणी घाबरवलं तर ऐकू नका.

मूळ देशाचं नागरिकत्व गृह मंत्रालयाचं स्वीकृतिपत्र हातात येईपर्यंत सोडायचं नाही. आधी सोडलं आणि अर्ज अडकला, तर तुम्ही कुठल्याच देशाचे राहत नाही. पत्र आल्यावर मूळ देशाच्या दूतावासातून त्यागाचा पुरावा आणायचा, निष्ठेची शपथ घ्यायची, मग प्रमाणपत्र मिळतं. ओसीआय कार्ड परत करावं लागतं.